ओढ्याकाठची तोंडाळ मादी

हॉबर्टकाकांनी मला बजावलं होतं. आमच्या ओसरीच्या पायरीवर बसून, बुटाचा ओला चिखल पायरीच्या कडेला खरवडत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले होते, "सूनबाई, दोन गोष्टी ध्यानात ठेव. हाकेला उत्तर आलं म्हणजे टर्कीच आला असं धरून चालू नकोस. आणि आवाजाच्या मागे जाऊ नकोस. आवाजाला तुझ्याकडे येऊ दे."

मी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे सासूबाईंबरोबर राहणाऱ्या बायकांना समजावून सांगायला नको. माझ्या मांडीवर माझी नऊ महिन्यांची मुलगी ओपल होती, पाठीशी ग्रंथपालनाची पदवी होती, आणि गेल्या तीन आठवड्यांत मी टर्की या पक्ष्यावरची सात पुस्तकं वाचली होती, त्यांतली दोन तळटिपांसकट. समोर सासऱ्यांचे शिकारीतले जुने सोबती, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, ज्यांचं शिक्षण आठवीत संपलं. मी मनात म्हटलं, काका, टर्की आणि माणूस यांतला फरक मला कळतो.

तो फरक कळायला मला तीन आठवडे लागले.

मुळात मला शिकारीला जायचंच नव्हतं. पण आमच्या पॉपॉ खोऱ्यात मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे लोक टेकडीवरच्या दफनभूमीत जमतात. थडगी झाडायची, गवत उपटायचं, फुलं ठेवायची, आणि मग ओकच्या झाडांखाली लांब टेबलं मांडून जेवायचं. त्या टेबलाच्या वरच्या टोकाला रानटर्कीची तळलेली छाती असते आणि ती आमच्या घरातून जाते. आधी आजेसासरे न्यायचे, मग सासरे, मग माझा नवरा डॅरेल. सासरे गेल्यापासून ते ताट त्यांच्या थडग्यासमोर येईल असं ठेवतात. कोणी तसं ठरवलेलं नाही. पण एका वर्षी कोणीतरी ताट दुसरीकडे सरकवलं, तर सासूबाईंनी काही न बोलता ते उचलून परत जागेवर ठेवलं, आणि तेव्हापासून त्याला कोणी हात लावत नाही.

डॅरेल वीज कंपनीत तारा ओढण्याचं काम करतो. वादळात, पावसात, बर्फात चाळीस फुटी खांबावर चढतो. अकरा वर्षांत त्याचा पाय कधी घसरला नाही. मार्च महिन्यात स्वयंपाकघरातला दिवा बदलताना तो तीन पायांच्या स्टुलावरून पडला आणि नडगी मोडून घेतली. कंपनीतल्या मित्रांनी त्याच्या प्लॅस्टरवर शुभेच्छा म्हणून स्टुलाचं चित्र काढलं. ते त्याला अजून आवडलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या एथलीनबाई सफरचंदाचा 'पाय', म्हणजे आत गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी, घेऊन भेटायला आल्या. खोऱ्यात आजाऱ्याला पाय नेतात. एथलीनबाईंचा पाय मात्र नेहमी काहीतरी परत न्यायला आलेला असतो.

"मी काय म्हणते, बर्निस," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "यंदा वरच्या टोकाला माझं हॅम ठेवू, डुकराच्या मांडीचं. मध लावलेलं. डॅरेल बिचारा असा पडलेला, आणि लिनेटला कुठलं जमायला. ती पडली खालच्या मुलखातली."

खालच्या मुलखातली म्हणजे मी. माझं माहेर समुद्राकाठी, जिथे सगळ्यात उंच जागा म्हणजे शाळेचं छप्पर. लग्नाला पाच वर्षं झाली, तरी या डोंगरातले लोक मला अजून उतारावरून कसं चालायचं ते सांगतात.

"टर्की मी आणीन," मी म्हटलं.

मग डॅरेल हसायला लागला आणि हसता हसता प्लॅस्टर पलंगाच्या कडेवर आपटून कळवळला. देव असतो, असं मला वाटतं ते अशा वेळी.

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठल्या दुकानातून?" त्या म्हणाल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा सांगितली नाही, कारण अपमान झाल्यावर माणसाला पुरावे आठवत नाहीत. माझे आजोबा दलदलीच्या काठाला टर्की मारायचे, आणि मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसायचे. बंदूक त्यांची, हाक माझी. पाटीचा एक वाटोळा तुकडा असतो आणि एक लाकडी काडी. काडी पाटीवर नीट फिरवली की टर्कीच्या मादीसारखी किंचित रडवेली, किंचित लाडिक हाक निघते, आणि वसंतात त्या हाकेला नर येतो. आजोबा म्हणायचे, या पोरीच्या हाकेवर मीसुद्धा उठून जाईन. बंदूक मी फक्त डब्यांवर चालवली होती. पण डबे सगळे पडले होते.

आधी परवाना. परवान्यासाठी सुरक्षा वर्गाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मी शनिवारचा दिवसभर वर्गात बसले. शेजारी अकरा वर्षांची एक मुलगी होती. मी तिचं बघून लिहीन या भीतीने तिने पूर्ण परीक्षाभर कागदावर कोपर आडवं धरलं होतं. तिला शंभर मिळाले, मला अठ्ठ्याण्णव. "पहिल्याच वेळेला चांगले आहेत," असं म्हणून तिने मला धीर दिला.

प्रमाणपत्र घेऊन मी दुकानात गेले. तिथल्या माणसाने संगणकात बराच वेळ बघितलं.

"वर्गाला लिनेट पेरिगिन बसली होती," तो म्हणाला. "गाडीचा परवाना लिनेट स्प्रोल्सचा आहे."

"पेरिगिन माहेरचं नाव. जुन्या खात्यावरून नोंद झाली. दोघी मीच आहे."

"असेल. पण शिकारीला दोघींपैकी कोण जाणार?"

मग लग्नाचा दाखला आणायला तालुक्याच्या कचेरीत. कचेरी जेवणाच्या वेळेत बंद, आणि जेवणाची वेळ कधी हे जेवणाऱ्यांवर अवलंबून. खिडकीतल्या बाईंनी माझं नाव वाचून चष्मा वर केला. "स्प्रोल्सांकडचं लग्न ना? मी होते की. बटाट्याचं सॅलड कमी पडलं होतं." मी पाच वर्षांनंतर त्या सॅलडाबद्दल माफी मागितली आणि मगच दाखला मिळाला. तिसऱ्या खेपेला दुकानातल्या माणसाने परवाना हातात देताना सल्ला दिला, "टर्की दिसला की त्याला आधी नाव विचारत बसू नका."

सल्ल्यांचं म्हणाल तर पॉपॉ खोऱ्यात टपाल एकदा येतं आणि सल्ला दिवसभर येतो. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, कारण वसंतात नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं असतं आणि झुडपात तो रंग हलताना दिसला की कोणाचंही बोट घोड्यावर जातं. हा सल्ला शहाणा होता आणि तो मला एकवीस जणांनी दिला. एथलीनबाईंनी त्यात "आणि लिपस्टिकही लावू नकोस हो" अशी स्वतःची भर घातली. मी आयुष्यात लिपस्टिक दोनदा लावली आहे, त्यांतली एक लग्नात.

ओपलला घरी ठेवून जायचं म्हणून मी सासूबाईंसाठी तीन पानी सूचना लिहिल्या. दूध किती, केव्हा, कोणत्या कुशीवर निजवायचं, ताप कुठून पुढे ताप मानायचा. सासूबाईंनी चार मुलं वाढवलीत. त्यांनी तिन्ही पानं शांतपणे वाचली, घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल तेव्हापासून हलत नाही.

मोसम एप्रिलच्या मध्याला सुरू झाला. या पहिल्या आठवड्यांत आमच्याकडे दुपारी बाराच्या ठोक्याला शिकार थांबवावी लागते. म्हणजे पहाट ते दुपार एवढाच काय तो वेळ, त्यातही मी ग्रंथालयात कामाला जाते ते दिवस सोडून.

पहाट हॉबर्टकाकांची. रोज उजाडायच्या आधी ते वर डोंगराच्या धारेवरच्या आपल्या घराच्या ओसरीत उभे राहून घुबडासारखे घुमतात. आठ घुमे, शेवटचा लांबवलेला. झाडांवर मुक्कामाला असलेले नर टर्की घुबडावर चिडून तिथूनच आरोळी ठोकतात, गळ्यात मूठभर गोट्या घोळवल्यासारखी, आणि पाखरू कुठे आहे ते सगळ्या खोऱ्याला कळतं. शिवाय हॉबर्टकाका जिवंत आहेत हेही कळतं. सहा वर्षांपूर्वी मेबलकाकू गेल्या. तेव्हापासून ते एकटेच असतात. घुमा ऐकला की सासूबाई कॉफीचं आधण ठेवतात आणि म्हणतात, "हॉबर्ट उठला." त्या वर्षी गुडघ्यामुळे डॉक्टरांनी रानात जायला बंदी केली, असं ते सगळ्यांना सांगत होते. घुमण्यावर बंदी नव्हती.

पहिल्या दिवशी मी ओढ्याकाठी, खोऱ्याच्या तळाशी बीच जातीच्या एका जाड झाडाच्या बुंध्याला टेकून बसले. आजोबा तसेच बसायचे. घुमा झाला, वरच्या उतारावरून आरोळी आली, मी पाटी घासली. नराने लगेच उत्तर दिलं. आणि तेवढ्यात वरून, धारेच्या बाजूने, एका मादीने हाक दिली.

काय हाक होती. घोगरी, अनुभवी, जरा उर्मट. मी पुन्हा हाकारलं. तिने माझं बोलणं मध्येच तोडून उत्तर दिलं. मी चढ्या आवाजात सुनावलं, तिने त्याहून चढवला. आम्हा दोघींचं असं तासभर चाललं, आणि बिचारा नर मध्ये उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे ओरडत राहिला. शेवटी तो कंटाळून तिसरीकडेच निघून गेला. मी पुरुषांना नावं ठेवत नाही, पण त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

दुसऱ्या खेपेला नर माझ्या दिशेने येऊ लागला होता. साठ पावलांवर त्याचं निळं डोकं दिसलं. मी श्वास रोखून बंदूक गुडघ्यावर सरकवली आणि माझ्या जाकिटाच्या खिशातून ओपलचा रबरी बेडूक ओरडला. आईच्या कुठल्या खिशात काय असेल ते आईलाही सांगता येत नाही. नर जागच्या जागी थबकला, बेडकालाही एक आरोळी देऊन मोकळा झाला आणि झुडपात नाहीसा झाला. धारेवरची मादी मागून जे काही बोलली ते मला अगदी हसल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी हॉबर्टकाका ओसरीवर आले. डॅरेल पाय उशीवर ठेवून बसला होता, सासूबाई वाटाणे सोलत होत्या.

"काय सूनबाई, मिळालं काही?"

"मिळालं असतं हो काका, पण वरच्या अंगाला एक म्हातारी मादी आहे. असली भांडकुदळ. मी तोंड उघडलं की तिचं सुरू."

काकांनी मान हलवली. "त्या खोऱ्यात हे असंच. मला माझ्या ओसरीतून ऐकू येतं ना. खाली ओढ्याकाठी एक मादी आलीये यंदा, तोंडाळ. नराला बोलू देत नाही. कुठल्या मुलखाची आहे कोण जाणे, सूर जरा वेगळा लावते."

"दोन माद्या असतील," डॅरेल म्हणाला.

"दोन असणार," मी म्हटलं.

"दोनच," काका म्हणाले.

सासूबाईंनी एकदा काकांच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून वाटाणे सोलायला लागल्या. त्यांचे खांदे जरा हलत होते. मला वाटलं ढास लागली. मी पाणी आणून दिलं.

जाताना काका म्हणाले, "तळाशी बसू नकोस. डोंगरातला नर हाकेला चढून येतो, उतरून येत नाही. त्याच्या वर जाऊन बस." मी पुन्हा मान डोलावली आणि पुन्हा तळाशी बसले. कारण वर चढलं की घरचं छप्पर दिसायचं नाही. ओढ्याकाठून आमचं छप्पर दिसत असे, आणि ओपलला काही झालं तर सासूबाईंनी ओसरीच्या कठड्यावर पिवळी चादर टाकायची असं ठरलं होतं. मी टर्कीपेक्षा त्या कठड्याकडेच जास्त बघत होते, हे मी इथे पहिल्यांदा कबूल करते.

असे तीन आठवडे गेले. मी सात वेळा बसले, सातही वेळा ती भांडण उकरून काढायला हजर. दोनदा मी घरी येऊन तिच्या वाक्यांना सुचलेली उत्तरं पाटीवर वाजवून पाहिली. ओपल टाळ्या वाजवायची. एथलीनबाईंनी हॅमची मापं घेऊन नवीन ताट आणल्याचं कळलं.

शेवटचा शनिवार उजाडला. उद्या दफनभूमीत जेवण. घुमा झाला, आठही घुमे व्यवस्थित, सासूबाई म्हणाल्या "हॉबर्ट उठला," आणि मी निघाले. सुरुवातीला ती मादी नेहमीसारखीच बोलली. मग सातच्या सुमाराला गप्प झाली. मला आधी बरं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं झालं. भांडायला कोणी नसलं की हाकेतला जीवच जातो. नर कुठेतरी दूर होता, बोलत नव्हता. नऊ वाजले, दहा वाजले.

दहा वाजता ती पुन्हा बोलली. तीन हाका. थांबली. पुन्हा तीन हाका, थांबली. जागा तीच, हललेली नाही. आवाज बारीक.

ओपल झाल्यापासून मी भिंतीपलीकडचं रडणं ओळखत आले होते. भुकेचं असतं, झोपेचं असतं, उगीच माणूस बोलवायचं असतं. आणि एक खरं असतं. ते ऐकलं की पाय आपोआप चालायला लागतात. हे खरं होतं. पक्षी असं मोजून बोलत नाही, हे मला सातपैकी एकाही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

आवाजाच्या मागे जाऊ नकोस, हे मला आठवत होतं, कारण शेकडो लोक तसे जाऊन छर्रे खातात. म्हणून मी बंदूक रिकामी केली आणि चढ चढताना मोठ्याने बोलत गेले. "माणूस येतोय हो, माणूस. टर्की नाही. मी लिनेट स्प्रोल्स, आधीची पेरिगिन. माणूस येतोय." पुढे धाप लागली तेव्हा फक्त "माणूस, माणूस" एवढंच जमत होतं.

धारेच्या जरा खाली, दोन मोठ्या खडकांच्या मध्ये हॉबर्टकाका बसले होते. डावा बूट घोट्यापर्यंत फटीत अडकलेला, चेहरा राखेसारखा, हातात लाकडी पेटी, जिचं झाकण घासलं की मादीचा आवाज निघतो.

त्यांनी माझ्या हातातल्या पाटीकडे पाहिलं, मी त्यांच्या पेटीकडे.

"ओढ्याकाठची?" ते म्हणाले.

"धारेवरची?" मी म्हटलं.

"तोंडाळ म्हणालो त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस."

"भांडकुदळ म्हणाले ते मी मागे घेत नाही. काका, तुम्हाला रानात यायला बंदी आहे ना?"

"मी कुठे रानात आलोय? माझ्या ओसरीतून निघालो, तो जरा लांब आलो."

"आणि किती वेळ असे बसलात?"

"सातपासून. बसलोय म्हणजे शिकारीला बसलोय. पाय अडकलाय ते वेगळं."

"मग ओरडला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना चर्चमध्ये गाढवावर बसून यायला सांगितलं. "ओरडलो असतो तर सगळ्या खोऱ्याला कळलं असतं," ते म्हणाले.

मी नाडी कापली, बूट खडकातच सोडून पाय हळूच बाहेर काढला. घोटा भोपळ्याएवढा झाला होता. मी जाकिटाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले ओपलचे दोन धुतलेले लंगोट काढले.

"पांढरं आणलंस रानात?" काका कळवळत म्हणाले. "एकवीस माणसांनी सांगितलं तुला."

"बावीस," मी म्हटलं आणि घोटा आवळून बांधला. त्यांनी लगेच विजारीचा पाय ओढून लंगोट झाकून घेतला.

मग त्यांना उठवायला हात दिला, तर ते उठेनात. "किती वाजले?"

"अकरा वाजून गेले. चला."

"बाराला वेळ आहे. उद्या ताट कोणाचं जाणार? तुझ्या सासऱ्याबरोबर मी चाळीस वर्षं या धारेवर बसलोय. हॅम बघत पडणार नाही तो. खाली बस."

मला त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. पण बोटं गरम होती, हलत होती, रंग ठीक होता. मी तिन्ही गोष्टी दोनदा तपासल्या. आणि खरं सांगायचं तर मलाही बसायचंच होतं. बंदूक भरली आणि त्यांच्या खडकाला पाठ लावून बसले.

"एकाच जागी दोन माद्या भांडताना त्याने कधी ऐकल्या नसतील," काका म्हणाले. "कर सुरू. मनात काही ठेवू नकोस."

मी ठेवलं नाही. तीन आठवड्यांची सगळी राहिलेली उत्तरं मी पाटीवर दिली. काकांनी पेटीवर त्यांचा समाचार घेतला. मी त्यांच्या आवाजाला नावं ठेवली, त्यांनी माझं माहेर काढलं. एवढं मन लावून मी डॅरेलशीसुद्धा कधी भांडले नाही. मग आम्ही थांबलो. रानात काहीच नाही.

"बोलत नाहीये, पण आलाय," काका पुटपुटले. "कुठे आहे तेवढं कळायला हवं. मी घुमलो असतो, पण घसा पार गेलाय. काही दचकवणारं आहे का तुझ्याकडे?"

मी खिशात हात घातला आणि बेडूक दाबला.

खालच्या उतारावरून, पन्नास पावलांवरून अशी आरोळी आली की माझ्या पाठीमागचा खडक हलल्यासारखा वाटला. आम्ही वर होतो. तो चढून येत होता. आधी झुडपांच्या वर पिसाऱ्याचा पंखा दिसला, मग तो सगळाच पुढे आला, छाती फुगवलेली, पंखांची टोकं पाचोळ्यावर घासत, सरपंचाच्या थाटात. मी आधी डोकं बघितलं. लाल, पांढरं, निळं. मग छातीवर लोंबणारी केसांसारखी दाढी बघितली, जी नराची खूण. मग पाय बघितले, दोनच होते आणि बूट नव्हते. वीस पावलं. काका मागे श्वाससुद्धा घेत नव्हते.

मी बार केला.

बाराला बारा मिनिटं कमी होती. तो जिथे होता तिथेच पडला. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. "डबे पडायचे तसा पडला," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण तो रडवेला का होता ते कळेना.

"आता रड, काही हरकत नाही," काका म्हणाले. "आधी नोंद कर."

मारलेल्या टर्कीची नोंद सरकारकडे फोनवर करावी लागते. फोनला खडकापाशी जीव नव्हता, म्हणून मी वीस पावलं वर चढून एका बुंध्यावर उभी राहिले आणि एक हात आकाशाकडे धरला तेव्हा पलीकडचं यंत्र बोलायला लागलं. त्याने नर की मादी विचारलं. जिल्हा विचारला. मग दाढीची लांबी विचारली. मी खाली विचारलं.

"अकरा इंच सांग," काका म्हणाले.

खिशात ओपलचं डोकं मोजायची फीत होती. मी खाली उतरून मोजली, पुन्हा वर चढले. "साडेनऊ."

"सरकारला काय कळतंय."

"काका, साडेनऊ."

"तुझ्या सासऱ्याने अकरा सांगितली असती," ते म्हणाले, पण कौतुकाने.

अर्ध्या मैलाच्या उताराला आम्हाला पावणेदोन तास लागले. एका खांद्यावर, दुसऱ्या कोणी शिकाऱ्याने जिवंत समजू नये म्हणून नारिंगी कापडात गुंडाळलेला एकवीस पौंडांचा नर, दुसऱ्यावर एका पायावर उड्या मारणारे हॉबर्टकाका, जे वाटेत मला उतारावरून कसं चालायचं ते सांगत होते. दोघांमध्ये टर्की कमी बोलत होता. फाटकापाशी सासूबाई ट्रक चालू ठेवून, ओपलला कडेवर घेऊन उभ्या होत्या. कठड्यावर चादर नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"बारा वाजून गेले आणि दोन्ही माद्या गप्प," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एक तर दोघं मेले, नाहीतर मिळालं काहीतरी."

"तुम्हाला माहीत होतं? तीन आठवडे? मग सांगितलं का नाहीत?"

सासूबाईंनी काकांना ट्रकमध्ये बसवलं, दार लावलं, आणि मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "मेबल गेल्यापासून हॉबर्ट इतका कोणाशी बोललाच नव्हता."

काकांचा घोटा दोन ठिकाणी तडकला होता. डॉक्टरांनी रानात काय करत होतात विचारलं, तेव्हा ते म्हणाले, लंगोट वाळत घालायला गेलो होतो.

रविवारी वरच्या टोकाला आमचं ताट होतं, सासऱ्यांच्या थडग्यासमोर. मध लावलेलं हॅम दुसऱ्या जागेवर होतं, नवीन ताटात. एथलीनबाईंनी पहिला तुकडा खाऊन "मीठ जरा कमी आहे" असं सांगितलं, दुसरा खाऊन काहीच सांगितलं नाही आणि तिसरा रुमालात बांधून घेतला. डॅरेल कुबड्यांवर उभा राहून दर माणसाला "माझ्या बायकोने" एवढंच म्हणत होता, पुढचं वाक्य पूर्ण करायची गरज त्याला वाटत नव्हती. हॉबर्टकाका खुर्चीत पाय पसरून सगळ्यांना सांगत होते की नर त्यांनीच बोलावला, मी नुसता बार केला. मग कोणीतरी विचारलं, लिनेटची हाक कशी आहे.

"साठ वर्षांत मला फसवणारी पहिली मादी," ते म्हणाले. "आणि खालच्या मुलखातली."

माझ्या थडग्यावर दुसरं काही लिहायची गरज नाही.

आता एक विनंती. हे सगळं झालं गेल्या वसंतात; यंदाच्या वसंतात मी इथे नसेन. दुसरं बाळ एप्रिलमध्येच यायचं आहे, इथून दवाखाना दोन तासांवर, म्हणून आम्ही सगळे, सासूबाईसुद्धा, महिनाभर माझ्या आईकडे खाली जातो आहोत. हॉबर्टकाकांना चला म्हटलं तर म्हणाले, सपाट जमिनीवर मला चक्कर येते. तेव्हा तुम्ही कोणी पॉपॉ खोऱ्याच्या रस्त्याने पहाटे जात असाल तर ओढ्यावरच्या पुलापाशी दोन मिनिटं गाडी बंद करा. आठ घुमे ऐकू आले, शेवटचा लांबवलेला, तर खुशाल पुढे जा. नाही आले तर वर चढा. लाल, पांढरं, निळं अंगावर नको, आणि तोंडाने "माणूस येतोय" म्हणत चढा. दार वाजवा. ते म्हणतील झोप लागली होती, किंवा घसा बसलाय, किंवा तुम्ही कोण. काही मानू नका, आत जाऊन कॉफी टाका. ओरडून बोलावणार नाहीत ते, कधीच. पण उतारावरून कुठे मादीच्या तीन हाका आल्या, थांबून पुन्हा तीन, तर ती टर्की नाही. त्या आवाजाच्या मागे जा.